सटवाची चाल

मारुतीची बायको पारू दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली तेव्हा मी एका रेडिओच्या पोटात डोकं घालून बसलो होतो. नवी पेठेतल्या आमच्या बोळात सकाळी दहाला हातगाड्या, सायकली आणि रिक्षांचा असा गलबला असतो की समोरचा काय म्हणतो ते ओठांवरून ओळखावं लागतं. "अप्पा, गेले वं..." ती म्हणाली. मी म्हणालो, "आत ये." ती आत आली नाही. "पहाटं गेले. पानी मागितलं, आन् मी तांब्या घिऊन येस्तवर..." एवढं बोलून ती वळली, तिला अजून गिरणीतल्या जुन्या सोबत्यांना आणि नणंदेला निरोप द्यायचा होता. आणि मी काय केलं? हातातला सांधा पुरा केला. कथिल वितळलं, तार चिकटली, मी फुंकर घातली, रेडिओ लावून पाहिला. तो बोलायला लागला आणि मग मला रडू फुटलं. शेजारचा कापडवाला धावत आला, त्याला वाटलं मला विजेचा झटका बसला. या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

मारुती कोण, हे सांगायला हवं, कारण त्याचं नाव कुठल्याही पत्रिकेवर किंवा फलकावर कधी छापून आलेलं नाही. तो सोलापुरात गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात कामाला होता आणि लग्नसराईत सनई वाजवायचा. बार्शीजवळच्या आमच्या गावचा, माझ्याच वयाचा. मी त्याला 'अरे मारुती' म्हणायचो आणि तो मला 'अहो अप्पा'. चाळीस वर्षांत मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता हे लिहिताना वाटतंय... बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत.

आमच्या दोघांची ओळख खरं तर आमच्या बापांपासूनची. माझे वडील, आबा, पंचक्रोशीतले नावाजलेले भजनी बुवा. मारुतीचा बाप सटवा. गाव त्याला सटवा मांगच म्हणायचं, सटवाजी म्हणालेलं मी कधी ऐकलं नाही. कार्तिकात काकड्याच्या वेळी आबा देवळात गाभाऱ्यासमोर बसायचे आणि सटवा सनई घेऊन बाहेर, पायऱ्यांच्या खाली उभा राहायचा. शेजारी त्याचा भाऊ ग्यानबा हलगी शेकत बसलेला. सटवाकडे एक चाल होती, त्याच्या आज्यापासून आलेली. ती ऐकली की थंडीतही माणसं घोंगडं बाजूला सारून बसायची. आबांनी ती ऐकून ऐकून उचलली, तीत अभंग बसवला, आणि वीस गावांतली भजनी मंडळं ती 'आबांची चाल' म्हणून गाऊ लागली. आबा लबाड नव्हते, हे मी मुलगा म्हणून सांगत नाही, ते खरंच नव्हते. एकदा मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "चाल वाऱ्यावर येते. वाऱ्याला कुणी नाव विचारतं का?" हे मला तेव्हा फार थोर वाटलं होतं.

चाल वाऱ्यावरून आली म्हणून ती बाटली नाही. सनई मात्र तोंडाला लावावी लागते. गावातल्या एका सधन घरानं नवस फेडायला देवाला सनई वाहिली होती, चांदीची कडी बसवलेली. आता ती वाजवायची कुणी? वाजवता येणारा गावात एकटा सटवा, आणि त्याच्या तोंडाला लागली की उष्टी झाली, मग देवाजवळ कशी ठेवायची? झालं! ती सनई जन्मात कधी वाजली नाही. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं आणि पुन्हा फडताळात. सटवा बाहेरून तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "पोरगी न्हाती-धुती झाली, पर घरातच म्हातारी केली." हे मारुती मला हसत हसत सांगायचा आणि मीही हसायचो.

पुढे मी सोलापुरात रेडिओ-ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान टाकलं, मारुती गिरणीत लागला. रविवारी त्याला सुट्टी असायची. सकाळी अंघोळ करून, केसाला तेल लावून, धुतलेला सदरा घालून तो दुकानात यायचा आणि मी दुरुस्त केलेलं यंत्र तपासायला म्हणून ज्या तबकड्या लावायचो त्या ऐकत बसायचा. त्याच सुमाराला हेलनबाई दुकानात येऊ लागल्या. मिशनच्या एका शाळेत त्या गाणं शिकवायच्या. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, कापसाच्या मुलखातल्या. वीस वर्षं सोलापुरात काढलेल्या, त्यामुळे उन्हाचं आणि कापसाचं त्यांना कौतुक नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि त्या कायमच्या मायदेशी निघाल्या, तेव्हा आपला ग्रामोफोन आणि तबकड्यांचं एक खोकं माझ्याकडे देऊन गेल्या. देताना एका रविवारी त्यांनी आम्हा दोघांना बसवून त्यातल्या दोन तबकड्या ऐकवल्या. पहिल्या तबकडीवर एक काळा माणूस होता, गिटारच्या तारेवरून काचेच्या बाटलीचा गळा घासत जाणारा, आणि त्या घसटीबरोबर त्याचा आवाजही हुंदका दाबल्यासारखा खाली उतरायचा. दुसऱ्या तबकडीच्या वेष्टनावर भली मोठी टोपी घातलेला गोरा. त्याचा आवाज मधेच फाटून वर उडी मारायचा, आपल्याकडचे धनगर माळावर मेंढरांना हाळी देतात तसा. मी वेष्टनावरची इंग्रजी अक्षरं लावत बसलो होतो. मारुतीनं डोळे मिटले होते. दुसरी संपल्यावर तो म्हणाला, "दोगं एकाच गावचं हायती की, बाई."

हेलनबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी सांगितलं ते असं. मूळ एकच. कापसाच्या शेतावर काळे मजूर आणि त्यांच्या शेजारी तसेच फाटके गोरे लोक. कामावरून आल्यावर पडवीत बसून एकमेकांच्या चाली उचलायचे, एकमेकांची वाद्यं वाजवायचे. ज्या बँजोला गोरे आपलं खास वाद्य म्हणून मिरवतात तो मुळात आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी घडवलेला. पण तबकड्या निघायला लागल्या तेव्हा कंपन्यांनी दोन याद्या केल्या. काळ्यांची वेगळी, गोऱ्यांची वेगळी. दुकानात खणही वेगळे. चाल तीच, पुष्कळदा शब्दही तेच, पण या खणातल्याला ब्लूज म्हणायचं आणि त्या खणातल्याला कंट्री. एखाद्या काळ्यानं दुसऱ्या खणातलं गाणं म्हणून दाखवलं तर कंपनीचा माणूस म्हणायचा, छान आहे, पण तुझं ते काम नाही, तू तुझं गा. बाई हे सांगत होत्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. "माझे मामा रेडिओवर गात," त्या म्हणाल्या, "आमच्या गावात त्यांचं मोठं नाव. ते गिटार शिकले आमच्या शेतावरच्या एका काळ्या मजुराकडून. त्यांची गाजलेली गाणी बरीचशी त्याचीच."

मारुतीनं विचारलं, "त्या मानसाचं नाव काय वं, बाई?"

"जो म्हणत असत त्याला."

"आन् आडनाव?"

"मामांनी कधी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "मी कधी विचारलंही नाही..." मारुतीनं माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं. मी उठून तबकडी पुसायला लागलो. ती स्वच्छच होती.

त्या दिवसापासून मारुतीनं एकच ध्यास घेतला. बापाची चाल एकदा तबकडीवर यावी आणि त्याखाली बापाचं नाव छापलेलं असावं. "माजं नगं, अप्पा. बाचं. सटवा एवढंच आलं तरी लई झालं." त्याला घाई होती, कारण कापसाचं तूस त्याच्या छातीत बसायला लागलं होतं. जिना चढला की खोकायचा. सनईवाल्याची सगळी इस्टेट म्हणजे त्याचा दम, आणि गिरणी तो दररोज थोडा थोडा काढून घेत होती. मी म्हणायचो, "होईल रे, बघू." माझ्या ओळखी होत्या, रेडिओवाल्यांकडे येणं-जाणं होतं. मी मनावर घेतलं असतं तर वर्षात झालं असतं. पण मला 'बघू' म्हणायची फार जुनी सवय.

आणि एकदा संधी चालत आली. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचे साहेब गावोगावची गाणी ध्वनिमुद्रित करत सोलापुरात आले. सोय बघायला मलाच गाठलं. मी आमच्या गावचं भजनी मंडळ बोलावलं आणि मारुतीलाही सांगितलं. तो ग्यानबाचुलत्याला गावाहून पहिल्या एसटीनं घेऊन आला. म्हातारा सत्तरीचा, हलगी फडक्यात बांधून छातीशी धरलेली. एका शाळेच्या सभागृहात यंत्र मांडलं होतं. मंडळाचे नाना, आबांच्या मागे टाळ धरणारे, आता तेच मुख्य, दारात या दोघांना बघून मला बाजूला घेऊन म्हणाले, "बसूंद्यात की, आपलं काय म्हननं न्हाय. पर भाईर बसूंद्यात. वाजवत्याल तवा बोलवू." आणि साहेब म्हणाले, भजन आणि सनई एका तबकडीवर नको. भक्तीची मालिका वेगळी, लोकवाद्यांची वेगळी. गिऱ्हाईक वेगळं, दुकानात खण वेगळे. खण हा शब्द त्यांनी वापरला तेव्हा मी चमकलो. पण नुसता चमकलोच.

मंडळाचं मुद्रण सकाळपासून दुपारी तीनपर्यंत चाललं. आत दोनदा चहा आला. बाहेर व्हरांड्यात उन्हाची तिरीप सरकत सरकत मारुतीच्या अंगावर आली, तो सरकला, ती पुन्हा आली. शेवटी त्याला आत बोलावलं. ग्यानबा हलगी सोडायला लागला तर साहेब म्हणाले, "हलगी नको, यंत्राला झेपत नाही, आवाज फाटतो. नुसती सनई." ग्यानबानं पुन्हा फडकं बांधलं आणि तो बाहेर जाऊन बसला. मारुती एकटा उभा राहिला आणि बापाची चाल सुरू केली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर आवाज तुटला. चार मात्रा शांतता, मग पुढे सुरू. साहेबांनी हात वर केला. पुन्हा घेतलं. पुन्हा तिथेच तुटला. तिसऱ्यांदाही तिथेच, आणि ओळ संपल्यावर त्याला खोकल्याची उबळ आली ती थांबेना. साहेब माझ्या कानाशी लागून म्हणाले, "दम तुटतोय हो यांचा." आणि मी, मी म्हणालो, "गिरणीत असतो. छाती गेलीय त्याची. राहू द्या."

मग साहेबांनी छापील कागद पुढे ओढला. मंडळाचं नाव, गायक, वादक... "चाल कुणाची?" त्यांनी मला विचारलं. सगळं मंडळ माझ्याकडे बघत होतं. नाना म्हणाले, "बोला की अप्पा. आबांची." मारुती दारात उभा राहून सनई फडक्यात गुंडाळत होता. पाच-सहा पावलांवर. एक शब्द बोलायचा होता. मी काही कुणाच्या दहशतीखाली नव्हतो, माझं काही जाणार नव्हतं, फार तर गावात चार दिवस तोंडं वाकडी झाली असती. मी म्हणालो, "आमच्या आबांची." मारुतीचा हात थांबला नाही. गुंडाळणं तसंच चालू राहिलं, शेवटची गाठही त्यानं नीट मारली.

पुढच्या रविवारी तो येणार नाही असं मी धरून चाललो होतो. तो आला. तेल लावून, धुतलेला सदरा घालून. बसला आणि म्हणाला, "ती काळ्या बाबाची लावा." मी लावली. संपल्यावर म्हणाला, "अप्पा, बाईंच्या त्या मामाला झोप लागत आसंल का वं?" त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. जणू त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "मला काय माहीत." त्यानं मान हलवली, आणि मग आम्ही पावसाबद्दल, गिरणीतल्या संपाबद्दल, असलं काहीबाही बोललो. पुढची तीन-चार वर्षं तो दर रविवारी येत राहिला आणि ही गोष्ट आमच्यात पुन्हा निघाली नाही. मंडळाची तबकडी बाजारात आली. नवी पेठेतल्या एका दुकानाबाहेर कर्ण्यावर ती दिवसभर वाजायची, आणि मारुतीला माझ्याकडे यायला तोच रस्ता होता.

शेवटची भेट त्याच्या खोलीवर झाली. गिरणीनं त्याला केव्हाच घरी बसवलं होतं. भिंतीला उशी लावून तो बसला होता, बरगड्या मोजून घ्याव्यात असा, आणि बोलताना दोन शब्दांनंतर थांबत होता. मी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो होतो. मला पाप धुवायचं होतं, दुसरं काय. सनई वाजवणं आता शक्यच नव्हतं. मी म्हणालो, तू गुणगुण, मी धरून ठेवतो. त्यानं मान हलवली. "तुमी म्हना. मी ऐकतो." मग मी त्याच्या बापाची चाल त्याला म्हणून दाखवायला लागलो. दुसऱ्या ओळीत त्यानं हात वर केला.

"हितं थांबायचं."

मला वाटलं त्याला त्रास होतोय. मी पाणी पुढे केलं. त्यानं तांब्या बाजूला सारला. "तसं न्हवं. चालीतच थांबायचं हितं. चार मात्रा सनई गप. तितं हलगी बोलती. बा तेवडी जागा सोडायचा चुलत्याला... तुमच्या आबांनी ती टाळांनी भरून टाकली."

मला कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे त्या दिवशी... साहेबांसमोर..."

"दम हुता की तवा. खोकला हुता, पर दम हुता." तो थांबला, श्वास घेतला. "चुलता भाईर बसलेला. त्याची जागा सोडून वाजवली. मोकळी तर मोकळी."

"अरे, मग सांगायचं नाहीस का? तीनदा वाजवलंस! एकदा तरी सांगायचं!"

"कुनी इचारलं?" मारुती म्हणाला.

मी तिथेच, पारूसमोर, कपाळ बडवून घेतलं. माझ्याच घराण्याची म्हणून मिरवलेली चाल, जन्मभर गायलेली, आणि मला ती येत नव्हती! ज्याला येत होती त्याची छाती गेली म्हणून मी त्याला बाहेर काढला होता. मारुतीनं माझा हात धरला आणि म्हणाला, "र्‍हाऊ द्या अप्पा. झालं ते." यानंतर तेराव्या दिवशी पारू दुकानाच्या पायरीशी आली.

तो गेल्यावर मी त्याच्या त्या दिवशीच्या सनईची टेप मागायला कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की ती टेप केव्हाच पुसून दुसऱ्या मुद्रणाला वापरली. मग मी गावी गेलो. एकादशीचं भजन होतं. चाल सुरू व्हायच्या आधी मी उभा राहिलो आणि सांगितलं की ही आबांची नव्हे, सटवाची चाल आहे. आबांनी ती त्याच्याकडून घेतली आणि तबकडीवर मी खोटं लिहायला लावलं. वीणा धरलेल्या माणसानं वीणेची खुंटी उगाच पिळली. नाना तेवढे म्हणाले, "आता हे सांगायची काय गरज व्हती, अप्पा? मेलेली मानसं कशाला उकरायची?" आणि त्यांनी दुसराच अभंग धरला. पंधरा दिवसांनी पुन्हा एकादशी आली, तेव्हाही दुसराच. परवा बार्शीच्या बाजारात शेजारच्या गावचा टाळकरी भेटला, त्यांनीही ती चाल सोडलीय म्हणाला. भांडण नाही, ठराव नाही. नुसतं आता ती कुणाच्या तोंडी येत नाही. जोवर ती आबांची होती तोवर वीस गावं ती गात होती. मी खरं बोललो आणि तीन आठवड्यांत ती संपली.

मग मी ग्यानबाच्या घरी गेलो. ग्यानबा दोन वर्षांपूर्वीच वारला. त्याच्या दोन्ही मुलांनी हलगी कधीच टाकलीय. थोरला म्हणाला, "ज्यांच्या दारात आज्या-पंज्यानं वाजवलं, त्यांनी कदी आत घेतलं का? आमी कशाला शिकू?" बरोबरच बोलला. मला त्याच्यासमोर खाली बसायचीही लाज वाटली. तरी मी विचारलं, त्या चार मात्रांत म्हातारा काय वाजवायचा, काही आठवतं का? त्याची बोटं मांडीवर उगाच हलली, मग तो म्हणाला, "न्हाय वं."

आता रविवारी दुकान उघडतो, आणि यंत्र तपासायला तबकडी लावत नाही. खुर्चीत बसून ती चाल स्वतःशी म्हणतो. दुसऱ्या ओळीच्या मध्याशी आलो की थांबतो, चार मात्रा. रेडिओच्या लाकडी पेटीवर बोटांनी काही वाजवून बघावं असं वाटतं, पण काय वाजवणार? परवा बायको डबा घेऊन आली होती, तिनं ऐकलं आणि विचारलं, "मधेच गप का झालात? विसरलात का?"

"नाही," मी म्हणालो. "इथं दुसऱ्याचं आहे."